सात जणींची बदली

परवा एका साखरपुड्यात पंगतीला शेजारी बसलेल्या बाई कौतुकानं सांगत होत्या. त्यांचा मुलगा म्हणे मुंबईत कुठल्याशा फंडात आहे, गरिबांच्या रोजगारासाठी काम करतो. "पण दान नाही हं," त्या म्हणाल्या, "गुंतवणूक. सामाजिक गुंतवणूक." मी पानातली जिलेबी तशीच टाकून उठले. नवऱ्यानं विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, पित्त झालंय. आता पंगतीत त्याला काय सांगत बसणार?

पित्तच म्हणायचं ते. इतकी वर्षं झाली तरी उतरत नाही.

दोन हजारच्या दशकाची शेवटची दोन-तीन वर्षं. तेव्हा मी भिवंडीजवळ पूर्ण्याला एका छोट्या संस्थेत शिकवत होते. राहायला भिवंडीत, आमच्या वस्तीत. रोज सकाळी शेअर रिक्षात चौथी सीट म्हणून ड्रायव्हरच्या शेजारी अर्धी बाहेर लटकून जायचं आणि संध्याकाळी तसंच परत. वस्तीतली पहिली बी.कॉम. झालेली पोर मी. पण बी.कॉम. होऊन करायचं काय, हे सांगणारं कोणी नव्हतं. ते सांगितलं हेडबाईंनी. हेडबाई म्हणजे शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. पेन्शन घेऊन घरी तांदूळ निवडत बसायचं सोडून त्यांनी ही संस्था काढली होती. एका टेम्पोवाल्याच्या घराच्या वरची खोली, त्यात चार बाकं, दोन जुने कॉम्प्युटर आणि मी.

तेव्हा आमच्याकडे गोडाऊनं पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवत होती. पूर्णा, वडपे, जिकडे बघावं तिकडे भातशेतीत भराव आणि त्यावर पत्र्याची लांबच लांब शेड. मालाला बाहेरून ट्रक येत, कामाला बाहेरून माणसं येत आणि ज्यांच्या शेतात हे सगळं उभं राहिलं त्या घरांतल्या बायका दारात उभ्या राहून धूळ खात. पैसा आला होता, तो पुरुषांच्या हातात आला होता आणि बऱ्याच घरांत तो गाडी, बंगला आणि हळदी-लग्नात संपलाही होता. हेडबाई म्हणाल्या, ह्या बायकांना गोडाऊनचं काम शिकवू. म्हणून आमचा वर्ग. मालाची यादी वाचायची, इंग्रजी लेबल ओळखायचं, खोक्याला टेप कशी मारायची, काचेच्या ग्लासाचं चित्र असेल तर खोकं उलटं ठेवायचं नाही. एक जुनं स्कॅनर कोणीतरी दिलं होतं, बायका त्याला पिस्तूल म्हणत. रिकाम्या खोक्यांत विटा भरून आम्ही सराव करायचो. खालचा टेम्पोवाला बोंबलायचा, अहो वर घर बांधताय का पाडताय!

तोपर्यंत आमचं देणग्यांवर चालायचं. देणगीदार यायचा, नारळ घ्यायचा, भाषण करायचा, बायकांना साड्या वाटायचा आणि जाताना फोटो काढायचा. मला त्याचीही चीड होती. म्हणून फंडाची माणसं पहिल्यांदा आली तेव्हा सगळ्यात खूश मी झाले, हे कबूल करते.

दोघं आले होते. एक सर, पस्तिशीचे, पुण्याचे, अगदी शुद्ध मराठी बोलणारे. एक मॅडम, कॅमेरा गळ्यात, मराठी जेमतेम. सरांनी फळ्यावर बाण काढून समजावलं. फंड आम्हाला आधी पैसे देणार: नवे कॉम्प्युटर, खोलीचं भाडं, माझा पगार. मग आम्ही शिकवलेली बाई कामाला लागली आणि नव्वद दिवस टिकली, की तिच्यामागे एक मोठी कंपनी तिच्या समाजकार्याच्या पैशातून ठरलेली रक्कम देणार. त्या रकमेतून फंडाचे पैसे थोडे वरचे धरून परत जाणार. बाई नव्वद दिवस टिकली नाही तर ती रक्कम नाही, आणि फंडाचे पैसे मात्र आमच्याच गळ्यात. "हे दान नाही," सर म्हणाले, "दानात उत्तरदायित्व नसतं. आम्ही तुमच्यात गुंतवणूक करतोय." हेडबाईंचा चेहरा उजळला. उत्तरदायित्व हा शब्द त्यांना फार आवडायचा.

मी हात वर केला. विचारलं, नव्वद दिवस कुठले धरायचे?

"कुठलेही सलग नव्वद," सर हसून म्हणाले. "कॅलेंडर सगळ्यांना सारखंच असतं."

मी हात खाली घेतला. तेव्हाच उठून बोलायला हवं होतं. मे महिन्यात कामाला लागलेल्या बाईचे नव्वद दिवस थेट आवणीतून जातात, हे मला कळत होतं. आवणी म्हणजे भाताची लावणी. जुलैत आठ-दहा दिवस असे येतात की घरात ज्याला हात आहेत तो चिखलात असतो. पण नवे कॉम्प्युटर डोळ्यांसमोर दिसत होते ना!

दुसरा नियम त्यांनी जाता जाता सांगितला. एका घरातून एकच बाई. जास्तीत जास्त घरांपर्यंत पोचायचं म्हणून. म्हणजे कागदावर घरं जास्त दिसतात.

ह्या नियमामुळेच मला त्या दोघी जावा ओळखीच्या झाल्या. गाव शेजारचंच, घर शेतकऱ्याचं. जमीन बरीचशी गोडाऊनवाल्यांना गेलेली, उरलेल्या दोन तुकड्यांवर घरच्यापुरता भात. वर्गात सगळ्या त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत, मीही तसंच म्हणते. नाव लागलं थोरलीचं. धाकटी म्हणाली, मी नुसती बसते ताई, नाव नका लावू. कल्याणकडची पोरगी, दहावी पास, तिला घरी करमत नव्हतं. मी म्हटलं बस. ती दाराजवळ पोत्यावर बसायची आणि वर्गातल्या निम्म्या बायकांच्या आधी तिला सगळं यायचं. पिस्तूल हातात घेतलं की टिक टिक टिक, खोकी रांगेत. परीक्षेचा कागदही मी तिला दिला, फुकटचा. पंचवीसपैकी तेवीस.

थोरलीला काम हवं होतं ते एका गोष्टीसाठी. तिची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. दोन वर्षं तिचा कान फुटून वाहत होता. घरगुती तेलं झाली, देवऋषी झाला, खाजगी डॉक्टरनं सांगितलं पडद्याचं ऑपरेशन करा, नाहीतर दुसराही कान जाईल. आकडा ऐकून थोरली तशीच पायऱ्या उतरली. गोडाऊनमध्ये तीन महिने पुरे झाले की कंपनी कायम करते आणि विम्याचं कार्ड देते, कार्डावर घरच्यांचं ऑपरेशन बिनपैशाचं होतं, हे तिला पक्कं माहीत होतं. मला म्हणाली, "ताय, मना पगार नको देवोत, कार्ड देवोत." मुलीला ती कधी कधी वर्गात घेऊन यायची. पोर कानात कापसाचा बोळा घालून कोपऱ्यात खोक्यांवर चित्रं काढत बसायची. हाक मारली की बघायची नाही, म्हणून आम्ही सगळ्या पाय आपटायचो. जमीन हादरली की ती मान वर करून हसायची.

मेमध्ये आमच्या सोळा जणी एका गोडाऊनमध्ये लागल्या. गळ्यात गेटपास घालून पहिल्या दिवशी गेल्या तेव्हा हेडबाईंनी पेढे वाटले. मी दर आठवड्याला गेटवर चक्कर मारायचे, फंडासाठी हजेरी लिहून घ्यायला. सुपरवायझर बनारसकडचा, आधी इथल्याच लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कारीगर होता, मग इकडे आला. थोरलीबद्दल म्हणायचा, "मॅडम, ऐसी चार और दे दो, मैं सो जाऊं आराम से."

जुलै संपत आला आणि आवणी सुरू झाली. पहिल्याच दिवशी गेटवर मला थोरलीच्या जागी धाकटी दिसली. गळ्यात थोरलीचा पास. सुपरवायझरला विचारलं तर त्याला काही विशेष वाटलंच नाही. "बदली आयी है," तो म्हणाला. "काम बराबर करती है. मुझे और क्या चाहिए?"

आता बदली म्हणजे काय, हे भिवंडीत कोणाला समजावून सांगावं लागत नाही. लूमवरचा कारीगर मुलखाला जातो, महिना महिना जातो, आणि जाताना आपल्या लूमवर दुसरा माणूस उभा करून जातो. तो बदली. मजुरी बदलीची, जागा मूळ माणसाची. माझे वडील सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, कामाला होते. आत्याच्या लग्नाला ते आठ दिवस गेले तेव्हा शेजारचे काका त्यांची बदली म्हणून उभे राहिले, आणि काकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा वडील. त्याची कुठे नोंद नव्हती, पण ते कधी मोडलंही नाही. बदलीला येऊन कोणी मूळ माणसाची जागा खाल्ली तर त्याला पुढे पाणीसुद्धा मिळालं नसतं. हीच रीत आमच्या बायकांनी गोडाऊनमध्ये नेली. धाकटीला आवणी येत नव्हती, चिखलात पाऊल टाकलं की पडायची. थोरलीचे हात आवणीत असे चालायचे की चार बायकांचं काम एकटी उरकायची. म्हणून थोरली शेतात आणि धाकटी गोडाऊनमध्ये. सरळ हिशेब आहे. वर्गातल्या सात जणींनी असंच केलं होतं. कोणी नणंद पाठवली, कोणी बहीण, कोणी शेजारीण. एकही खोकं त्या दिवसांत मागे राहिलं नाही.

महिनाअखेरीला फंडाचा फॉर्म भरायचा होता. त्यात एक रकाना होता: उमेदवाराची सद्यस्थिती. नऊ जणींपुढे मी लिहिलं, कामावर. सात जणींपुढे लिहिलं, बदली. खरं तेच लिहिलं, माझ्या अक्षरात, निळ्या शाईनं. मग सायबर कॅफेत जाऊन स्कॅन करून पाठवून दिलं.

दोन दिवसांनी संस्थेच्या फोनवर सरांचा फोन. हेडबाईंनी स्पीकर लावला. सर एकदम खुशीत.

"सात जणींची बदली? अरे वा! म्हणजे कंपनीनं दुसऱ्या गोडाऊनला पाठवलं ना त्यांना? दोन महिन्यांत ट्रान्सफर म्हणजे कंपनीला त्या हव्यायत!"

सरांनी पहिल्या भेटीत जेवताना सांगितलं होतं, त्यांचे वडील सरकारी अधिकारी, दर तीन वर्षांनी बदली, लहानपणी सहा गावं झाली. त्या माणसाच्या डोक्यात बदली म्हणजे सामानाचा ट्रक, नवं क्वार्टर आणि नवी शाळा. दुसरा अर्थ त्याला कोण सांगणार? मीच सांगायला हवा होता. दोन वाक्यांचं काम होतं. सर, आमच्याकडे बदली म्हणजे तिच्या जागी तिचंच माणूस. आठ दिवसांनी परत येईल.

पण त्या दोन वाक्यांनी सात जणींचे नव्वद दिवस तुटले असते. हेडबाईंचा हात टेबलावरच्या पेपरवेटवर होता, तो त्या गोल गोल फिरवत होत्या. माझा पगार फंडाच्या पैशातून येत होता.

"बदली म्हणजे ट्रान्सफरच ना?" सरांनी पुन्हा विचारलं.

मी म्हटलं, "हो सर."

फोन ठेवल्यावर हेडबाई एवढंच बोलल्या, "निभावलंस बाई." मग त्यांनी चहा मागवला. मला त्या चहाची चवही आठवते, साखर जास्त होती.

निभावलं कसलं डोंबल! त्या खोट्या होकारानंच घात केला. फंडाला त्यांच्या वार्षिक पुस्तिकेत छापायला एक यशोगाथा हवी होती. घरातून कधी बाहेर न पडलेली शेतकऱ्याची सून, दोन महिन्यांत बढती मिळून दुसऱ्या गोडाऊनला. बढती हा शब्द कुठून आला मला माहीत नाही, त्यांनी तो आपल्या पदरचा घातला. त्यासाठी त्यांनी थोरलीच निवडली, कारण मागच्या वेळी मॅडमनी तिचा फोटो काढला होता आणि तो चांगला आला होता.

दुसऱ्याच दिवशी सकाळी साडेदहाला फोन आला की आम्ही निघालोय, रस्त्यातच आहोत, आधी जुन्या गोडाऊनलाच येतो, कंपनीच्या मोठ्या मॅनेजरशी बोलणं झालंय, तेही मुंबईहून येतायत. थोरली शेतात. तिच्याकडे मोबाइल नव्हता, घरात एकच होता तो नवऱ्याकडे आणि नवरा फोन उचलेना. मी रिक्षा पकडली आणि बांधाबांधानं पळत तिच्या शेतापर्यंत गेले. ती गुडघाभर चिखलात वाकलेली. मी वरूनच ओरडले, चल, फंडवाले आलेत, आत्ताच्या आत्ता चल! तिनं हातातली रोपांची जुडी तशीच खाली टाकली आणि निघाली. पाय धुवायलाही थांबली नाही.

आम्ही गेटवर पोचलो तेव्हा उशीर झालेला होता. आत मोकळ्या जागेत सर, मॅडम, कंपनीचे मोठे मॅनेजर आणि सुपरवायझर उभे. सरांनी थोरलीचं नाव सांगितलं, तशी आतून धाकटीला बोलावून आणली होती. मॅडमनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला. बाई वेगळी आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. सरांनी विचारलं, तुमचं नाव? धाकटीनं आपलं खरं नाव सांगितलं. कशाला लपवेल? तिनं काय चोरी केली होती?

"मग हा पास?"

"तो जाऊबाईंचा. मी त्यांची बदली आहे ना सर," धाकटी हसत म्हणाली. "त्या आवणीला गेल्यात. परवापासून येतील."

सरांनी माझ्याकडे बघितलं. नंतर चिखलानं भरलेल्या पायांच्या थोरलीकडे. तेव्हा त्यांना तो शब्द कळला. मला वाटलं, आता हा माणूस हसेल. म्हणेल, अरे, असं आहे होय! एका कामावर एकाच घरच्या दोन बायका, दोघी शिकलेल्या, काम एक दिवस थांबलेलं नाही, ह्याहून जास्त तुम्हाला रोजगारातून काय हवं होतं? गंमत बघा, दुसरी तुमच्या नियमात न बसणारी, ती तर फुकटात शिकली!

नाही हसला तो. म्हणाला, "हा सरळसरळ आयडेंटिटी फ्रॉड आहे." आणि मॅनेजरशी इंग्रजीत बोलायला लागला.

मॅनेजर आधी एवढा तापलेला नव्हता. मी पाहत होते ना. पण पाहुण्यानं फ्रॉड म्हटल्यावर त्याला कडक व्हावंच लागलं. अर्ध्या तासात सातही पास जमा झाले. बदलीवाल्याही बाहेर आणि मूळच्याही, म्हणजे नोकरी दोघींची गेली, एकीची असताना. थोरलीनं हात जोडले. म्हणाली, "सायेब, आठ दिस कापून घ्या. पण तीन महिनं मोजा. पोरीचा कान हाय." साहेबांना कान हाय म्हणजे काय ते कळलं नाही. सर मोबाइलवर कुणाला तरी सांगत होते की व्हेरिफिकेशन व्हिजिट करणं किती गरजेचं असतं. व्हिजिट म्हणे! फोटो काढायला आला होतास लेका तू.

थोरलीचा तो एक्याऐंशीवा दिवस होता. नऊ दिवस राहिले होते.

ह्या सगळ्यात खरी बदली झाली ती एकाचीच. त्या सुपरवायझरला कंपनीनं दुसऱ्या जिल्ह्यातल्या गोडाऊनला पाठवून दिलं. मला रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, "मॅडम, तुम्हारे साहब को बोलो, अब लिख ले."

आठवडाभरानं मुंबईला फंडाच्या ऑफिसात आमची पेशी. काचेची खोली, बिसलेरीच्या छोट्या बाटल्या. सरांनी माझा फॉर्म टेबलावर ठेवला, सातही बदल्यांखाली लाल रेघ. म्हणाले, तुम्ही फोनवर ट्रान्सफर म्हणालात. मी तोंड उघडणार तेवढ्यात हेडबाई बोलल्या, "बायकांनीच आम्हाला तसं सांगितलं. त्यांनी आमची दिशाभूल केली." चाळीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून छड्या मारलेली बाई! त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. फंडवाल्यांना तेवढंच हवं होतं, तेही सुटले. सात जणींची नावं यादीतून उडाली, संस्था वाचली, पुढच्या वर्षाचे पैसे मंजूर झाले. फक्त नवी अट आली, दर महिन्याला प्रत्येक बाईचा चेहरा दिसेल असा फोटो. आणि माझ्या त्या रकान्यात आता शब्द लिहायचा नाही, नुसती खूण करायची.

मी काय केलं? टेबलावर मूठ आपटून उठले का? नाही. परतीच्या बसमध्ये हेडबाईंशी बोलले नाही, एवढाच माझा बाणा. घरी वडिलांची पेन्शन नव्हती, भावाचं शिक्षण चालू होतं. मी दिवाळीपर्यंत तिथेच राहिले आणि बायकांचे चेहरे काढत बसले. त्यातल्या एकीनं विचारलं, ताई, फोटोत हसायचं का? मला तिच्यावरच राग आला. उगाच खेकसले मी तिच्यावर. मग दिवाळीनंतर एका शाळेत क्लार्कची जागा मिळाली तेव्हा सोडलं. तत्त्वासाठी सोडलं असं मी बरीच वर्षं लोकांना सांगायचे. ते खोटं आहे. दुसरी नोकरी मिळाली म्हणून सोडलं.

त्या सगळ्या महिन्यांत थोरलीच्या घरी मात्र मी गेले नाही. दहा मिनिटांच्या अंतरावर घर, तरी नाही. तिच्या गावाचा फाटा आला की रिक्षात मी दुसरीकडे तोंड फिरवायचे.

फेब्रुवारीत शाळेच्या कामानं मी अंबाडीला गेले होते. नाक्यावर बाजार भरलेला. वालाच्या शेंगांचे ढीग लागले होते, त्यामागे ओळीनं बायका. मी भाव विचारत पुढे सरकत होते आणि एकदम आवाज आला, "ताय!"

थोरली होती. पुढ्यात गोणपाटावर शेंगा, शेजारी मुलगी. पोर उंच झाली होती. कापसाचा बोळा आता दोन्ही कानांत होता.

मला पळून जावंसं वाटलं. पण तिनं माझा हात धरला आणि सरकून जागा केली. धाकटीला दिवस गेलेत म्हणाली, माहेरी कल्याणला आहे. त्या गोडाऊनमध्ये परत विचारलं होतं, त्यांनी नाव बघितलं आणि गेटवरूनच वाटेला लावलं. दुसरीकडे जाते मधूनमधून, रोजावर. कार्ड नाही. हे सगळं ती शेंगा निवडता निवडता सांगत होती, आवाजात तक्रार नव्हती. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग ती म्हणाली, "ताय, तो कागद तुमीच लिवला व्हता ना? सगल्या बाया तुमाला बोल लावतान. मी भांडले त्यांच्याशी. बोलले, तायनी बरोबर लिवला व्हता. बदली ते बदलीच. त्यांनाच वाचता न्हाय आला."

सहा महिने ही बाई माझ्यासाठी गावात भांडत होती.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. सांगायचं होतं की अगं, लिहिलं बरोबर होतं, पण त्यानं विचारलं तेव्हा मी हो म्हटलं. मी सांगितलं असतं तर एवढंच झालं असतं की तुझे नव्वद दिवस त्यांच्या कागदावर मोडले असते. कंपनीत नाही. कंपनीला बदली चालत होती. तुझे दिवस कंपनीत भरले असते, तुझं कार्ड आलं असतं. पैसे बुडाले असते ते आमचे, संस्थेचे. मी आमचे पैसे वाचवायला हो म्हटलं आणि त्यात तुझं कार्ड गेलं.

ह्यातला एक शब्दही मी बोलले नाही. "कितीला दिल्या शेंगा?" असं काहीतरी विचारलं.

"तुमच्याकडून पैसे घेऊ काय?" ती म्हणाली आणि ओंजळी भरभरून शेंगा उचलायला लागली. मुलीला म्हणाली, "तायची पिशवी धर गो."

पोर समोरच्या रस्त्याकडे बघत होती. थोरलीनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. मग तिनं शेंगा खाली ठेवल्या आणि जमिनीवर पाय आपटला, आम्ही वर्गात आपटायचो तसा. पण ती डांबरी रस्त्याची कड होती, पक्की. ती काही हादरली नाही.

पिशवी मीच उघडून धरली.